मुंबईच्या घराखाली मोकळी जागा का नसते

मुलुंड, पार्ले, गोरेगावच्या उरल्यासुरल्या बैठ्या घरांत मागच्या अंगाला एक खोली वाढवायचा विषय निघाला की हल्ली एक नवीनच प्रश्न पुढे येतो. अमेरिकेत राहणारा भाचा तिकडच्या घराचे फोटो पाठवतो. त्यात खोलीची जमीन मातीला टेकलेलीच नसते. चारी बाजूंनी हात-दीड हात उंचीची भिंत, तिच्यावर लाकडी वासे, वाशांवर फळ्या, आणि खाली माणूस रांगत जाऊ शकेल एवढी पोकळी. तिला क्रॉलस्पेस म्हणतात. तिकडच्या नियमावलीत वाशांखाली मातीपर्यंत किमान १८ इंच अंतर असावं असं सांगितलेलं असतं, नाहीतर लाकूड कुजतं. पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप, वायरी सगळं त्या पोकळीतून नेतात. काही बिघडलं तर प्लंबर पोटावर सरपटत आत शिरतो, वरची फरशी फोडायची गरज पडत नाही. मामा हे फोटो इथल्या कंत्राटदाराला दाखवतात. तो ऐकून घेतो आणि मुरमाच्या किती गाड्या लागतील याचा हिशेब सुरू करतो.

कंत्राटदाराचं चुकत नाही, पण कारण विचारलं तर त्याला ते सांगता येत नाही. ते या शहराच्या जमिनीत आणि शंभर-दीडशे वर्षांच्या आरोग्य-धोरणात आहे. थोडक्यात सांगायचं तर हवा, पाइप आणि दुरुस्तीची वाट या तीन गोष्टी अमेरिकेतल्या घराने खाली ठेवल्या आणि मुंबईच्या घराने बाजूला. बाजूच्या त्या जागेचं नाव घरगल्ली. वाढीव खोल्यांनी आधी खाल्ली ती हीच गल्ली.

सुरुवात जमिनीपासून करू. मलबार हिल, खंबाला हिल, माझगाव, शीव इथे थोडं खणलं तरी काळा पाषाण लागतो. मात्र सात बेटांच्या मधला भाग भरतीच्या पाण्याखाली जात असे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं खिंडार बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड १७८४ च्या सुमाराला पुरा झाला आणि भायखळा, कामाठीपुरा या बाजूचा सखल पट्टा हळूहळू कोरडा पडला. पाणी हटलं तरी जमीन खोलगटच राहिली. तिच्यात मुरूम पडला, टेकड्या फोडून निघालेला दगड पडला, आणि एकोणिसाव्या शतकात शहराचा केरकचराही मोठ्या प्रमाणावर पडला. त्या भरावावर रस्ते झाले, रस्त्यांच्या कडेला चाळी उभ्या राहिल्या. पुढे उपनगरांत खाजणं बुजवली गेली तेव्हाही रीत तीच होती. खाजणाचा काळा गाळ ओझ्याखाली वर्षानुवर्षं दबत राहतो. म्हणून ‘भर घाला, पाणी मारा, धुमसाने ठोका’ हे शहराच्या अंगवळणी पडलं.

महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या अटींमध्ये याची खूण अजून दिसते. प्लॉट सखल असेल तर तो मुरूम, माती, दगडगोटे घालून टाउन हॉल डेटमप्रमाणे ९२ फुटांपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच वर, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत भरावा, दाबून घ्यावा आणि रस्त्याकडे उतार द्यावा, अशी ती अट. ९२ आकडा वाचून दचकायला नको, कारण या मापाचा शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली धरला आहे. ज्या टाउन हॉलवरून हे माप आलं तो म्हणजे फोर्टातली एशियाटिक सोसायटीची पायऱ्यांची इमारत. घर कुठेही बांधा, त्याची उंची त्या जुन्या दिवाणखान्याच्या हिशेबाने मोजायची, ही मला या शहरातली एक गमतीची गोष्ट वाटते. भरावच कायद्याने मागितला जात असेल, तर जोत्याखाली पोकळी ठेवायचं कोणाच्या मनात येणार?

जोतं ही कोकणपट्टीची जुनी गोष्ट. पावसाळी पाणी घरात येऊ नये म्हणून जमिनीच्या वर दगडाची चौकट उभी करायची, आत मुरूम भरून धुमसायचा, वर माती चोपून शेणाने सारवायचं. लाकडी खांब थेट मातीत न रोवता दगडाच्या तळखड्यावर उभे करायचे, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीचं काम अवघड होतं. खोताचीवाडी, माथारपाखाडी, वांद्र्याचं रानवार इथल्या जुन्या घरांना रस्त्यावरून चढून जाण्याच्या दोन-चार पायऱ्या आणि पुढे ओटा असतो तो त्यामुळेच. गिरगावच्या सागवानी चाळी वरून लाकडाच्या असल्या तरी त्यांचं जोतं भरीव दगडाचं आहे. पुढे शेणाची जागा शहाबादी फरशीने घेतली आणि नंतर मोझेक टाइल्सनी, पण खालची भर तशीच राहिली. फक्त तिला रबल सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट) ही नवी नावं मिळाली.

मधल्या काळात जमिनीखालून हवा खेळवण्याची कल्पना या देशात येऊन गेली होती, हे फारसं कोणाला आठवत नाही. १८५७ नंतर हिंदुस्थानातले गोरे सैनिक लढाईपेक्षा तापाने आणि पटकीने जास्त मरतात हे ब्रिटिशांच्या लक्षात आलं. लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या चौकशीमागची मोठी प्रेरणा होती. जमिनीतून निघणाऱ्या दूषित वाफेने रोग होतात असा त्या काळचा ठाम समज होता, म्हणून बराकी जमिनीपासून उचललेल्या असाव्यात आणि त्यांच्याखालून वारा वाहावा असा आग्रह धरला गेला. समज खोटा होता, पण त्यातून निघालेलं बांधकाम वाईट नव्हतं. मात्र ती चैन लष्कराच्या आणि साहेबांच्या खर्चाने होणारी होती. मांडवी किंवा डोंगरीच्या चाळमालकाला जोत्याखाली कमानी घालण्यात काही रस नव्हता.

आणि मग १८९६ चा सप्टेंबर आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि दोन-चार महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. पहिली काही वर्षं सरकारचा राग घरांवरच निघाला. कौलं काढून उजेड आत घ्या, सामान जाळा, भिंतींना चुना लावा, असं सगळं झालं. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलं, पण ते लगेच कोणी मानलं नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या वास्तूत, प्रयोग करून उंदीर-पिसू-माणूस ही साखळी पक्की केली. त्यानंतर घराखालच्या पोकळीकडे बघण्याची नजरच बदलली. चाळीस वर्षांपूर्वी जिथे वारा खेळायला हवा होता तिथे आता उंदीर राहू शकतो एवढंच दिसू लागलं. घट्ट, उंदराला पोखरता येणार नाही असं जोतं आणि कठीण जमीन हेच आरोग्याचं लक्षण ठरलं. माझ्या मते मुंबईत क्रॉलस्पेसचा विचार खरा संपला तो तेव्हा. पुढे आलेल्या काँक्रीटने त्यावर शिक्का मारला. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे उभ्या राहिलेल्या २०७ बीडीडी चाळी तर वरपासून खालपर्यंत काँक्रीटच्याच झाल्या.

हवा मात्र हवीच होती, ती बाजूने आणायचं ठरलं. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. खोलीच्या खिडकीला आकाशाचा उजेड मिळायचा तर समोरच्या इमारतीचा माथा त्या कोनाच्या वर जाता कामा नये. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा समोरची उंची जास्त नको. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत आज दोन इमारतींमध्ये जी झाडं दिसतात, त्यांच्या मुळाशी भूमितीचं हे गणित आहे.

जुन्या शहरातल्या घरगल्लीचा जन्म इतका सभ्य नाही. दोन चाळींच्या पाठीमध्ये चार-पाच फुटांची फट. त्यात मोऱ्यांचं सांडपाणी उतरायचं, संडासाच्या टोपल्या त्याच बाजूने काढल्या जायच्या. ते काम जातीने लादलेलं होतं. महापालिका त्यासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेत असे आणि काम करणाऱ्याने समोरच्या दाराने यायचं नाही ही घराची रचनाच सांगत असे. म्हणून घरगल्लीबद्दल हळहळताना थोडं सांभाळून बोललेलं बरं. टोपल्या गेल्या, ड्रेनेज आलं, तशी ती गल्ली पाइपांची झाली. मुंबईच्या कुठल्याही जुन्या इमारतीची मागची भिंत पाहा. सगळे बिडाचे पाइप बाहेरून उतरतात आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या झाकणाच्या हौदात, मिळतात. अमेरिकन प्लंबर जिथे रांगत जातो तिथे आपला प्लंबर परांचीवर लोंबकळतो. महापालिकेचे रात्री उंदीर मारणारे कर्मचारीही बॅटरी आणि काठी घेऊन याच गल्ल्यांतून फिरतात. प्लेग गेला, पण घरगल्लीतून लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती अजून गेलेली नाही.

आता वाढीव बांधकामाकडे येऊ. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांचा दुरुस्तीतला रस संपला. कुटुंबं वाढत गेली, खोली तेवढीच राहिली. मग पोटमाळे झाले, गॅलऱ्या बंदिस्त झाल्या, तळमजल्यावाल्यांनी मागचं दार पुढे सरकवून घरगल्लीत मोरी काढली, मोरीचं स्वयंपाकघर झालं. झोपडपट्ट्यांत १४ फुटांच्या मर्यादेत तळ आणि माळा बसवण्याचं कसब तयार झालं. साठच्या दशकात चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधायचं याची मर्यादा, एफएसआय) आला आणि वाढवलेल्या प्रत्येक फुटाला कायद्याचं मोजमाप लागलं. त्यानंतर मुंबईत घराखालची जागा पुन्हा रिकामी झाली ती स्टिल्टच्या, म्हणजे नुसत्या खांबांवरच्या मोकळ्या तळाच्या रूपाने, गाड्यांसाठी, कारण स्टिल्ट त्या निर्देशांकात मोजायचा नसे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा गाड्या गेल्या तरी स्टिल्टवरच्या घरांत पाणी शिरलं नाही, तळमजल्यावरची घरं मात्र बुडाली. दरम्यान रस्त्यांवर थर चढत गेल्याने तीन पायऱ्या चढून जायची कितीतरी जुनी जोती रस्त्याच्या पातळीला आली आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेत जोत्याची किमान उंची ४५ सेंटिमीटर आहे, पण रस्ता वर येणार हे संहितेने गृहीत धरलेलं नाही.

भाच्याच्या फोटोंकडे परत वळायचं तर, खुद्द अमेरिकेत या पोकळीबद्दलचं मत फिरलं आहे. पूर्वी तिच्या भिंतींना झरोके ठेवणं सक्तीचं असे. दर १५० चौरस फूट जमिनीमागे १ चौरस फूट हा ठोकताळा. दमट प्रदेशात असं दिसलं की उन्हाळ्यातली बाहेरची ओली हवा झरोक्यांतून आत येते, थंड पृष्ठभागांवर तिचं पाणी होतं आणि वाशांना बुरशी धरते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी झरोके बंद करून मातीवर जाड प्लास्टिक अंथरतात आणि आतली हवा यंत्राने कोरडी ठेवतात. जुलैतली मुंबई डोळ्यांसमोर आणली की असल्या पोकळीचं इथे काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय आपल्याकडे वर लाकडी वासे नाहीत. आरसीसी स्लॅबखाली पोकळी ठेवायची तर तो आणखी एका स्लॅबचा खर्च आणि उंदरांना फुकट भाडेकरार.

तिकडच्या वाढीव खोलीच्या पायातून उचलण्यासारखं एक आहे, ते म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा. जुना पाया जेवढा बसायचा तेवढा कधीच बसलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. भरावावर तर नक्कीच. त्यामुळे नवा पाया जुन्याच्या पातळीपर्यंत न्यायचा, त्याहून खोल खणून जुन्याला उघडं पाडायचं नाही, आणि दगडी भिंतीलगत खणताना एकदम लांब चर न काढता तुकड्या-तुकड्याने खणायचं. आपल्याकडे शहाणा इंजिनीअर नव्या खोलीचे कॉलम आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरच्या तुळया) वेगळे उभे करतो आणि मध्ये सांधा मोकळा ठेवतो. घाईतला कंत्राटदार नवी भिंत जुन्या भिंतीला चिकटवून प्लास्टर एकसंध करतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात बरोबर त्याच रेषेत उभी चीर पडून गळती सुरू होते. मग वर्षानुवर्षं त्या चिरेत वॉटरप्रूफिंगवाल्यांचं पीक येतं.

याहून मोठी अडचण चेंबरची. मागे वाढवलेली खोली बहुतेक वेळा घरगल्लीवर किंवा मागच्या उघड्या पट्टीवर येते, आणि चेंबर तिथेच असतं. ते हलवायचा खर्च नको म्हणून त्यावरच लादी बसवली जाते. तुंबलं की नवीन स्वयंपाकघराची फरशी फोडायची. चेंबर आधी बाहेर घ्या, पाइपाला उतार मिळतो का बघा, मग खोलीची रुंदी ठरवा. जागा त्याने दीड-दोन फुटांनी कमी होते आणि घरात यावरून भांडणं होतात, पण प्लंबरला उभं राहायला जागा दुसरी कुठे उरत नाही.