ऊर्जा संशोधनाला सरकारी निधी: पात्रता, कागदपत्रं आणि कामगिरीचे निकष (बडोद्यातल्या अर्जदारांसाठी)

सरकारी पैशातून ऊर्जा संशोधन करायचं म्हटलं की प्रस्तावाच्या शेवटाकडे एक तक्ता येतो. कोणत्या महिन्यापर्यंत काय साध्य करणार, ते कशात मोजणार आणि कोणाचा अहवाल ग्राह्य धरायचा, हे त्यात भरायचं असतं. बरेचसे प्रमुख संशोधक उपकरणांची कोटेशनं गोळा करता करता दमतात आणि हा तक्ता मुदतीच्या आदल्या रात्री उरकतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. उपकरण पुढे बदलून मिळतं, चार पत्रं लिहावी लागतात इतकंच. तक्त्यातला आकडा मात्र मंजुरी आदेशाला चिकटतो आणि पुढचा प्रत्येक हप्ता त्याच्याशी ताडून सुटतो.

बडोद्यातून या वाटेला जाणारे साधारण तीन तऱ्हेचे लोक असतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठातले, म्हणजे कलाभवन (तंत्रज्ञान-अभियांत्रिकी शाखा) किंवा विज्ञान शाखेतले प्राध्यापक. मकरपुरा-वाघोडियाच्या जीआयडीसीतले, म्हणजे औद्योगिक वसाहतीतले, छोटे उद्योजक आणि स्टार्टअपवाले. आणि छोटा उदेपूरकडच्या गावांत चुली-बायोगॅसचं काम करणाऱ्या संस्था. तिघांना नियम एकच नाही.

पैसा कुठला आणि पात्र कोण

सौर, पवन, बायोगॅस, साठवण अशा विषयांसाठी मुख्य दार नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं. त्यांच्या संशोधन व तंत्रज्ञान विकास कार्यक्रमाला २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी २२८ कोटी रुपयांची तरतूद होती. सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत, तर उद्योग, स्टार्टअप आणि खासगी शिक्षणसंस्थांना ७० टक्क्यांपर्यंत मदत, असा त्यातला वाटा. ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. उरलेले पैसे कुठून आणणार, याचा पुरावा प्रस्तावासोबतच मागितला जातो. नव्या काळाची सूचना निघाली असेल तर आधी ती उघडून वाटा आणि मुदत तपासा, जुन्या फाइलवरून नक्कल करू नका.

हायड्रोजनसाठी वेगळी खिडकी आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. एकूण १९,७४४ कोटींपैकी ४०० कोटी संशोधनासाठी राखलेले आहेत. ट्रान्सफॉर्मर, वहन, वितरण, मीटरिंग असे विषय ऊर्जा मंत्रालयाच्या योजनांत येतात. त्यांचा कारभार बंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था बघते. मूलभूत संशोधनासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. त्याचा कायदा २०२३चा, आणि पूर्वीचं ‘सर्ब’, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता त्यातच विलीन झालं आहे.

प्रमुख संशोधक संस्थेत नियमित पदावर असावा, ही अट जवळपास सगळीकडे भेटते. तासिका तत्त्वावरचे किंवा कंत्राटी शिक्षक सहसा यात बसत नाहीत. निवृत्ती जवळ आली असेल तर नोकरीतला सहकारी सह-संशोधक म्हणून पहिल्या दिवसापासून घ्या. प्रकल्प मध्यात असताना हे नाव घालायला गेलं की फाइल पुन्हा वरपर्यंत फिरते.

कागदपत्रं

संस्थाप्रमुखाचं संमतिपत्र सगळ्यात आधी घ्या, कारण ते सगळ्यात उशिरा मिळतं. त्यात संस्था जागा, वीज आणि लेखा-सेवा देईल आणि संशोधक सोडून गेला तरी प्रकल्प पुरा करेल, अशी हमी असते. त्यासोबत संशोधकांचे परिचय, चालू प्रकल्पांची यादी, उपकरणांची कोटेशनं आणि उद्योग-भागीदार असेल तर सामंजस्य करार. पैसे पीएफएमएस या केंद्र सरकारच्या निधी-व्यवस्थापन प्रणालीतून येतात, म्हणून संस्थेचा तिथला सांकेतिक क्रमांक आणि बँकेचा तपशील लागतो. स्वयंसेवी संस्थेला एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, स्टार्टअपला डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग संवर्धन विभाग) मान्यता, खासगी संशोधन संस्थेला बहुतेक ठिकाणी डीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग). सरकारी नसलेल्या संस्थेला बंधपत्रही द्यावं लागतं, त्याच्या स्टॅम्पपेपरची सोय आधीच करून ठेवा.

प्रयोग वीज कंपनीच्या जाळ्याला जोडायचा असेल तर मध्य गुजरात वीज कंपनीचं संमतिपत्र प्रस्तावातच लावावं. ते नसताना ‘नवव्या महिन्यात ग्रिडला जोडणी’ असा टप्पा लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावरचं काम आपल्या नावावर घेणं. तिची पालक कंपनी गुजरात ऊर्जा विकास निगम, तिचं मुख्यालय इथंच रेसकोर्सवर आहे, तेव्हा बडोदेकरांना निदान दिल्लीला खेटे घालायची सबब नाही.

निकष लिहायचे कसे

एक काल्पनिक प्रस्ताव घेऊ. कलाभवनातला एक गट छतावरच्या सौर पॅनेलला मागून गारवा देण्याची युक्ती काढतो आणि तक्त्यात लिहितो: ‘पॅनेलची कार्यक्षमता १५ टक्क्यांनी वाढवणे’. ऐकायला झकास आहे, पण समितीतला जाणकार लगेच पेन्सिल काढेल. पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रमाणित चाचणीचे असतात: सूर्यप्रकाश चौरस मीटरला १००० वॅट आणि सेलचं तापमान २५ अंश. मे महिन्यात बडोद्याच्या गच्चीवर सेलचं तापमान सहज ६५ अंशांवर जातं. सिलिकॉन पॅनेल अंशामागे साधारण ०.३५ टक्के वॅट गमावतं, म्हणजे ४० अंशांच्या फरकाला १४ टक्के. आता छापील वॅटच्या १५ टक्के परत मिळवायचे तर सेल सुमारे ४३ अंशांनी गार करावा लागेल, म्हणजे ६५ वरून २२ अंशांवर. भर दुपारी हवाच चाळिशीपलीकडे असते. हा आकडा गाठता येणारच नाही, आणि तो लिहिणाऱ्याने गणित केलेलं नाही हेही उघडं पडतं.

हाच निकष नीट लिहिला तर असा दिसेल: त्याच कंपनीचं, त्याच वॅटेजचं, गारव्याविना पॅनेल शेजारी त्याच कोनात बसवणार, एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ३ या वेळेत दोन्हींच्या मागच्या तापमानातला सरासरी फरक निदान १० अंश, त्यातून मिळणारी निव्वळ वाढ निदान २.५ टक्के, पंपाला लागणारी वीज वजा करून. दहा अंशांना साडेतीन टक्के मिळतात, त्यातला एखादा टक्का पंप खाणार हे गृहीत धरलेलं आहे. आकडा लहान दिसतो, पण तुलना कशाशी, कोणत्या हवामानात आणि कशाने मोजणार हे सगळं त्यात आलं. ‘निव्वळ’ हा शब्द तर हमखास सुटतो. पंपाची वीज न धरता काढलेली वाढ पुढे आढावा बैठकीत फार महागात पडते.

मोजणी कोण करणार हेही तिथंच लिहा. या बाबतीत बडोदेकर नशीबवान आहेत. १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’, म्हणजे इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, मकरपुऱ्यातच आहे. चाचणी तिच्यासारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करायची तर तिचं शुल्क आणि रांगेत जाणारे आठवडे अंदाजपत्रकात आणि वेळापत्रकात धरा. आपल्याच विभागातल्या मीटरवर घेतलेली नोंद अंतर्गत टप्प्याला चालते, शेवटच्या निकषाला ती पुरत नाही.

टक्केवारी जिथं टाळता येईल तिथं टाळा. हायड्रोजनचं उदाहरण घ्या. एक किलो हायड्रोजनमध्ये उच्च उष्मांकाने (जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णताही धरून) सुमारे ३९.४ युनिट ऊर्जा धरतात, नीच उष्मांकाने (ती न धरता) ३३.३. तुमचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, किलोमागे ५२ युनिट वीज घेत असेल तर पहिल्या हिशोबाने तो ७६ टक्के कार्यक्षम, दुसऱ्याने ६४. एकाच यंत्राचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे! तक्त्यात सरळ ‘किलोमागे ५२ युनिट’ लिहिलं, पंप आणि कॉम्प्रेसरची वीज धरली की नाही तेही लिहिलं, की वाद संपला. बॅटरीचंही तेच. ‘२००० सायकल’ (चार्ज-डिस्चार्जचे फेरे) एवढ्याने भागत नाही: कोणत्या तापमानाला, किती खोल डिस्चार्जला आणि क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंत की आणखी खाली?

चुलींवर काम करणाऱ्या संस्थांना तुलनेची रेषा आयती मिळते. भारतीय मानक १३१५२ प्रमाणे साध्या ओढीच्या जैवभार चुलीची औष्णिक कार्यक्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची निदान ३५ टक्के लागते. प्रयोगशाळेपुरतं ते ठीक. गावात मात्र ‘३०० चुली वाटल्या’ हा निकष ठेवलात तर तो पहिल्या पावसाळ्यापर्यंतच खरा राहतो. सहा महिन्यांनी त्यातल्या किती चुली रोज पेटतात आणि घरागणिक दिवसाला किती लाकूड कमी जळतं, हे विचारा. मोजणी कंटाळवाणी आहे, वजनकाटा घेऊन घरोघर जावं लागतं. ती करणाऱ्याचा पगार अंदाजपत्रकात घाला.

दुसऱ्या टोकाला अतिमोठ्या निकषांचा मोह असतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०११ साली सनशॉट कार्यक्रम सुरू केला आणि मोठ्या सौर प्रकल्पांची वीज अनुदान न धरता २०२० पर्यंत युनिटला ६ सेंटवर आणायचं ठरवलं. ते उद्दिष्ट २०१७ मध्येच गाठल्याचं त्यांनी जाहीर केलं. निकष म्हणून तो उत्तमच, एकच आकडा आणि सगळ्यांना समजणारा. पण तो अख्ख्या कार्यक्रमाचा आकडा होता, शिवाय त्याच काळात जगभर पॅनेलच्या किमती कोसळत होत्या, त्यामुळे यश नेमकं किती संशोधनाचं हे सांगणं अवघडच. तीन वर्षांच्या, दोन रिसर्च फेलोंच्या प्रकल्पाने ‘विजेचा दर २० टक्क्यांनी कमी’ असं लिहू नये. दरावर परिणाम करणारा एखादा घटक, म्हणजे सेलमागे लागणारी चांदी किंवा मीटरचं आयुष्य, एवढाच आपल्या हातात असतो. तो लिहा.

तंत्रज्ञान-सज्जतेची पातळी, म्हणजे टीआरएल, १ ते ९ मध्ये विचारतात. चार म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध, पाच म्हणजे प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत सिद्ध, सात म्हणजे खऱ्या कामाच्या जागी चालणारा नमुना. आज आपण कितीवर आहोत हे एक पायरी कमी सांगितलेलं बरं; पुरावा मागितला की फुगवलेली पायरी उतरावीच लागते. शोधनिबंध आणि पेटंट लिहायचे तर लिहा, पण ते एकटे ठेवू नका.

दरवर्षी काय कळवायचं

वर्षअखेरीला तीन कागद एकत्र जातात: प्रगती अहवाल, खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात. यूसीचा नमुना सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला १२-ए. नियमाप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो द्यायचा, पण पुढचा हप्ता त्याच्याशिवाय हलत नाही, त्यामुळे खरी मुदत तुमची तुम्हालाच पाळावी लागते. जूनपर्यंत गेला तर उत्तम.

हा नमुना लेखा विभागाचा कागद आहे असं समजून पुष्कळजण तो वाचतच नाहीत. वाचा. भौतिक आणि आर्थिक कामगिरी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झाली आहे, गाठलेल्या उद्दिष्टांचं विवरण पहिल्या जोडपत्रात आणि निधीतून काय निष्पन्न झालं ते दुसऱ्या जोडपत्रात आहे, असं त्यात प्रमाणित करावं लागतं. खाली सही असते वित्तप्रमुखाची आणि संस्थाप्रमुखाची. म्हणजे निकष तुम्ही लिहिला, जबाबदारी त्यांच्या सहीवर गेली. यूसी पाठवण्याआधी अर्धा तास बसून त्यांना जोडपत्रं समजावून सांगा, पुढची मुदतवाढ मागताना तेच तुमच्या बाजूने बोलतील.

मंत्रालयाला हे आकडे का लागतात? अर्थसंकल्पासोबत योजनांच्या निष्पत्तीची चौकट संसदेपुढे जाते, तिच्यातल्या रकान्यांना खालून आकडे पोचवावे लागतात. तुमचा अहवाल वाचणारा अधिकारी त्यात तेवढाच एक आकडा शोधत असतो. तो पहिल्या पानावर द्या: ठरलेलं किती, झालेलं किती, फरक का. सिद्धान्त नंतर.

निधीवर मिळालेलं व्याज वापरायचं नाही, ते भारताच्या एकत्रित निधीत भरायचं असतं. भरणा सरकारच्या भारतकोश पोर्टलवरून होतो, त्याची पावती यूसीला लावा. घेतलेल्या उपकरणांची नोंद मालमत्ता नोंदवहीत, नमुना २२ मध्ये ठेवायची, आणि मंजुरीशिवाय ती विकायची किंवा मोडीत काढायची नाहीत.

आकडा गाठला नाही तर

मुदत उलटून गेल्यावर निकष बदला म्हणणारा अर्ज कोणी गांभीर्याने घेत नाही. सेल वेळेवर आले नाहीत, फेलो सोडून गेला, पुराचं पाणी प्रयोगशाळेत शिरलं (विश्वामित्रीकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको), जे असेल ते टप्प्याच्या तारखेआधी लेखी कळवा. सोबत नवा आकडा, नवी तारीख आणि त्यामागचं गणित द्या. निधी न वाढवता मुदतवाढ मिळणं फारसं अवघड नसतं. खर्चाच्या एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवायलाही आधी परवानगी लागते.

युक्ती चाललीच नाही, असंही होतं. ते संशोधन आहे, होणारच. अशा वेळी मोजणी काटेकोर असेल आणि नोंदी पूर्ण असतील तर ‘दहा अंश अपेक्षित होते, चार मिळाले, कारण अमुक’ हा समाप्ती अहवाल समितीपुढे टिकतो. टिकत नाही तो चार अंशांना ‘लक्षणीय सुधारणा’ म्हणणारा. समाप्ती अहवालासोबत अंतिम यूसी, शिल्लक रकमेचा परतावा आणि उपकरणांची यादी जाते. मीटरच्या मूळ नोंदी, कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं आणि प्रयोगवह्या विभागाच्या कपाटात जपून ठेवा, संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये नको. अनुदानाची खाती महालेखापरीक्षकांना तपासायला खुली असतात, आणि ते येतात तेव्हा फेलो बहुधा पुण्याला नोकरीला लागलेला असतो.