विद्युत ट्रेलर-ब्रेक नियंत्रक

विद्युत ट्रेलर-ब्रेक नियंत्रक : पिकअप ट्रक किंवा तत्सम वाहनामागे जोडलेल्या ट्रेलरच्या विद्युत ब्रेकांना प्रवाह केव्हा व किती द्यायचा हे ठरवणारे, चालकाच्या हाताशी बसवलेले उपकरण. बोलण्यात त्याला नुसते ‘ब्रेक कंट्रोलर’ म्हणतात. त्याचा वापर मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे आढळतो. उत्तर अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे बहुधा मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी, आणि प्रस्तुत नोंदीत तोच अर्थ घेतला आहे; मोठ्या मालट्रकांचे ट्रेलर दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक वापरतात व त्यांना या उपकरणाची गरज नसते. युरोपात ३,५०० किग्रॅ.पर्यंतच्या ट्रेलरांना जडत्वावर चालणारे ब्रेक रूढ आहेत : वाहन मंदावले की ट्रेलर पुढे रेटतो, जोडणीतील दांडा आत सरकतो आणि त्या रेट्यानेच ब्रेक लागतात. महाराष्ट्रात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दिसणाऱ्या ट्रॉल्यांचा या पद्धतीशी संबंध नाही. परिभाषेतील ‘गतिरोधक’ हा शब्द येथे टाळला आहे, कारण तो उच्चारताच रस्त्यावरचा उंचवटाच डोळ्यांपुढे येतो.

ब्रेकची रचना : नियंत्रकाची निवड ब्रेकच्या रचनेवर अवलंबून असल्याने ती आधी पाहणे आवश्यक आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एका तरफेच्या टोकाला चपटा विद्युतचुंबक बसवलेला असतो. प्रवाह सुरू होताच तो ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो, फिरत्या ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्याबरोबर फिरलेली तरफ ब्रेक-शूंना, म्हणजे ड्रमवर आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांना, बाहेर ढकलते. म्हणजे शू दाबण्याचे बळ चुंबकाच्या ओढीपेक्षाही चाकाच्या फिरण्यातूनच अधिक मिळते. त्यामुळे उभ्या ट्रेलरला हा ब्रेक धरून ठेवू शकत नाही. चाक फिरत नसेल तर तरफ हलणार नाही. चढावर ट्रेलर उभा करताना चाकांखाली उटी लावावी लागते ती यासाठी. ३,५०० पौंड क्षमतेच्या आसाला सामान्यतः १० इंची व ५,२०० ते ७,००० पौंड क्षमतेच्या आसांना १२ इंची ड्रम असतात. दोन्ही आकारांतील प्रत्येक चुंबक १२ व्होल्टला सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. दोन आसांच्या ट्रेलरला चार चुंबक, म्हणजे सुमारे १२ अँपिअर, आणि तीन आसांच्या ट्रेलरला सुमारे १८ अँपिअर लागतात. नियंत्रकाच्या वेष्टनावर ‘किती आसांसाठी’ असे जे लिहिलेले असते, त्यामागे हाच हिशेब असतो.

इतिहास : ट्रेलरच्या विद्युत ब्रेकचे श्रेय सामान्यतः आर्थर पी. वॉर्नर यांना देतात. चुंबकीय तत्त्वावरील वेगमापकासाठी ते आधीच परिचित होते. तो उद्योग त्यांनी १९१२ मध्ये विकला आणि १९२७ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील बिलॉइट येथे विद्युत ब्रेक तयार करणारी कंपनी स्थापन केली. काही ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘विद्युत ब्रेकचे जनक’ असा होतो, तो जपून घेतला पाहिजे. रुळांवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांत विद्युतचुंबकीय ब्रेक विसाव्या शतकाच्या आरंभीच वापरात होते. मात्र त्यांत चुंबक थेट रुळाला चिकटे. चुंबकाच्या छोट्या ओढीने शूंचे मोठे बळ जागे करायचे ही वेगळी कल्पना आहे, आणि वॉर्नर यांचे श्रेय तिच्या ट्रेलरमधील व्यावहारिक वापरापुरते मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

नियंत्रकाचा इतिहास त्यामानाने विखुरलेला आहे. प्रारंभीच्या नियंत्रकांत हाताने किंवा पेडलच्या जोडीने सरकणारा बदलता रोध असे. पुढे ट्रकच्या मुख्य सिलिंडरपासून (पेडल दाबताच ब्रेक-तेलावर दाब आणणारा भाग) तेलाची बारीक नळी काढून, तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्याकडून तो रोध बदलण्याची पद्धत आली. ती प्रतिसादात उत्तम होती, कारण पाय जितका जोरात पडे तितका प्रवाह त्याच क्षणी ट्रेलरला मिळे. पण ट्रकचीच ब्रेक-नळी छेदावी लागे आणि गळती झाल्यास दोन्ही वाहने एकदम अडचणीत येत. १९८० च्या दशकाअखेरीपासून पिकअप गाड्यांत चाक अडकू न देणारी प्रणाली (एबीएस) रुळू लागली, तशी तेलाची अशी उचल गैरसोयीची ठरून ही पद्धत मागे पडली. तिची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांनी घेतली. ते प्रवाह रोधातून जाळत नाहीत, तर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, आणि ‘चालू’ काळाच्या प्रमाणात ब्रेक कमी-अधिक लागतो.

प्रकार व निवड : विक्रेते नियंत्रकांची विभागणी किंमत, दर्शकपट्टी व रंग यांवर करतात. खरा भेद एकच आहे : चालकाचा हेतू उपकरणाला कशावरून कळतो?

सर्वांत साध्या प्रकारात तो काळावरून कळतो. ब्रेक-दिव्याची तार जिवंत झाली की नियंत्रक ठरलेल्या वेगाने प्रवाह वाढवत ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत नेतो. पेडल हलके दाबले आहे की जीव खाऊन, हे त्याला समजत नाही. सिग्नलपाशी अलगद थांबताना ट्रेलर मागून हिसका देतो आणि अचानक थांबण्याची वेळ आली तर तो उशिरा जागा होतो. तो स्वस्त असतो व कोणत्याही कोनात बसतो. वर्षातून दोनदा हलकी होडी जवळच्या तलावावर नेणाऱ्याला तो पुरतो. याहून अधिक वापरासाठी त्याची शिफारस करणे कठीण आहे.

दुसऱ्या प्रकारात ट्रकच्या मंदनावरून हेतू ओळखतात, म्हणून त्याला ‘प्रमाणबद्ध’ नियंत्रक म्हणतात. जुन्या नमुन्यांत लहान लंबक असे, आता त्वरण मोजणारी इलेक्ट्रॉनिक चिप असते. टेकॉन्शा कंपनीचे ‘प्रॉडिजी’ नियंत्रक या प्रकारातील सर्वपरिचित होत. उतारावर हा संवेदक फसतो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो, कारण ट्रक नुसता उताराकडे तोंड करून उभा असला तरी लंबक पुढे झुकतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. लंबक वेगातील बदल मोजत नाही. वाहनाला मागे धरणारे बळ, दर किलोग्रॅम वस्तुमानामागे किती, ते तो मोजतो. उतारावर गाडी मोकळी सोडली तर ती व लंबक दोन्ही सारख्याच ओढीने पुढे जातात व तो जवळजवळ शून्य दाखवतो. ब्रेक दाबून वेग कायम राखला की तो उताराच्या प्रमाणात झुकतो, आणि तेव्हा ट्रेलरनेही त्याच प्रमाणात ब्रेक लावणे अपेक्षित असते. खरी उणीव चढावर दिसते. तेथे थांबताना मंदनाचे बरेचसे काम गुरुत्वाकर्षणच करते, ब्रेकचा वाटा थोडा असल्याने लंबक पुढे जेमतेम झुकतो आणि ट्रेलरच्या वाट्याला फारसा प्रवाह येत नाही. ब्रेक-दिवा लागताच थोडा किमान प्रवाह देण्याची सोय अनेक नियंत्रकांत असते, पण त्यामुळे उणीव भरून निघते असे नाही. वर सांगितल्याप्रमाणे उभ्या ट्रेलरला हे ब्रेक तसेही धरून ठेवत नाहीत.

तिसरा प्रकार ट्रकबरोबर कारखान्यातूनच बसवून येतो. फोर्डने तो २००५ च्या ‘सुपर ड्यूटी’ गाड्यांत दिला व पुढे इतर अमेरिकी उत्पादकांनीही स्वीकारला. त्यात मुख्य सिलिंडरमधील दाब, चाकांचा वेग व एबीएसची स्थिती यांची माहिती गाडीच्या संगणकाकडून थेट मिळते. म्हणजे जुन्या तेलनळी-पद्धतीचा गुण नळी न छेदता परत मिळाला. ट्रक मंदावण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि चाके घसरू लागली तर ट्रेलरचा प्रवाह घटवता येतो. नवा ट्रक घेताना हा पर्याय उपलब्ध असेल तर तोच घ्यावा, याबद्दल जाणकारांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो बर्फाळ रस्त्याबाबत : मंदनावर चालणारा नियंत्रक तेथे आपोआप सौम्य राहतो, कारण घसरड्या रस्त्यावर मंदनच कमी होते. हा मुद्दा ग्राह्य असला, तरी तेवढ्यासाठी कारखान्याचा नियंत्रक नाकारण्याइतका तो मोठा वाटत नाही.

ट्रेलरला चुंबकी ड्रमऐवजी विजेच्या पंपावर चालणारे द्रवीय ब्रेक असतील तर निवड वेगळी होते. असा पंप ड्रमसाठी सुमारे १,००० व डिस्कसाठी सुमारे १,६०० पौंड प्रति चौरस इंच दाब निर्माण करतो व नियंत्रकाकडून केवळ संकेत घेतो. पंपाचा नगण्य प्रवाह पाहून काही नियंत्रक ट्रेलर जोडलेलाच नाही असे समजतात; म्हणून त्यासाठी स्वतंत्र मांडणी असलेला नियंत्रकच घ्यावा लागतो. एकच ट्रेलर वेगवेगळ्या ट्रकांमागे जात असेल, तर सात-काट्यांच्या जोडणीत किंवा ट्रेलरच्याच दांड्यावर बसणारे बिनतारी नियंत्रक सोयीचे पडतात. मात्र त्यांपैकी काहींत हाताचा ब्रेक फोनच्या पडद्यावर असतो, ही बाब हलकी मानता येत नाही. ट्रेलर वळवळू लागला तर ट्रकचा ब्रेक न दाबता केवळ ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून त्याला सरळ ओढून घ्यावे लागते, आणि त्या वेळी बोटाखाली ठरलेल्या जागी खटका असावा लागतो.

जोडणी : नियंत्रकाला बहुधा चार तारा असतात, काळी बॅटरीची, पांढरी भूमीची, लाल ब्रेक-दिव्याच्या खटक्याची व निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. लाल तार वळण-दिव्याशी सामाईक असलेल्या तारेला जोडली गेली तर वळताना ट्रेलर दिव्याच्या तालावर ब्रेक मारू लागतो. निळ्या तारेची जाडी दुर्लक्षित राहते. बारा अँपिअर प्रवाह बारा मीटर लांबीच्या १६ गेजच्या बारीक तारेतून नेला तर सुमारे १.९ व्होल्ट वाटेतच जातात, १२ गेजच्या जाड तारेत सुमारे ०.७५, परतीच्या तारेतील तोटा निराळा. महागडा नियंत्रक घेऊनही ‘ब्रेक मऊ लागतात’ अशी जी तक्रार होते, तिचे मूळ पुष्कळदा येथे किंवा ट्रेलरच्या गंजलेल्या भूमि-जोडणीत सापडते.

समायोजन : कमाल प्रवाहाची मर्यादा, म्हणजे ‘गेन’, भरलेला ट्रेलर जोडून ठरवतात. कोरड्या, सपाट, मोकळ्या फरसबंद जागेत ताशी २० ते २५ मैल वेगाने जात हाताचा खटका पूर्ण दाबतात. चाके अडकून टायर किंचाळले तर गेन थोडा खाली आणतात, ट्रेलर नुसता रेटत राहिला तर वाढवतात. अडकण्याच्या किंचित अलीकडचा आकडा योग्य. चुंबक व ड्रम गार असताना घेतलेला आकडा दोन-चार थांब्यांनंतर बदलतो, म्हणून आधी ब्रेक थोडे तापवून घेतात. रिकाम्या ट्रेलरसाठी गेन पुन्हा उतरवावा लागतो.

कायदा : ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होण्याची मर्यादा अमेरिकेत राज्यागणिक बदलते, अनेक राज्यांत ती एकूण ३,००० पौंड वजनाची असून कॅलिफोर्नियात प्रवासी ट्रेलरांना १,५०० पौंडांपासूनच ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियात ७५० किग्रॅ.वरील ट्रेलरला ब्रेक असावे लागतात आणि २,००० किग्रॅ.वर ते सर्व चाकांना हवेत. व्यापारी वाहनांसाठीच्या अमेरिकी संघीय नियमांनुसार, ब्रेक सक्तीचे असलेला ट्रेलर सुटून गेल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. त्यासाठी ट्रेलरवर स्वतंत्र बॅटरी व ट्रकला दोरीने बांधलेली खुंटी असते. खुंटी निघाली की मंडल जुळते. हे मंडल नियंत्रकावाचून चालते, त्यामुळे त्याची बॅटरी भारित आहे की नाही हे नियंत्रकाच्या दर्शकपट्टीवर दिसत नाही व ती वेगळी तपासावी लागते.