कव्हर गाण्याच्या फाइलीत की फोल्डरमध्ये?

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत नाट्यगीतांच्या कॅसेटी आणि ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या अजूनही निघतात. त्या संगणकावर उतरवून झाल्या की कव्हरचा प्रश्न येतो, आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते.

एक म्हणजे गाण्याच्या फाइलीतच भरलेलं चित्र. एमपीथ्रीच्या ज्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतल्या माहितीच्या कप्प्यात, गायकाचं नाव जातं, त्यातच हे बसतं. फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारातही त्याला जागा आहे. दुसरं म्हणजे गाण्यांशेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवलेलं चित्र, ज्याचं नाव बहुधा इंग्रजीत ‘फोल्डर’ किंवा ‘कव्हर’ असतं. प्लेअरवर दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो एखादं गाणं पेनड्राइव्हवर टाकून भावाला दिल्यावर. टॅगमधलं चित्र गाण्याबरोबर जातं, फोल्डरमधलं घरीच राहतं.

म्हणून सगळं टॅगमध्येच कोंबावं का? तसंही नाही. ४ एमबीचा स्कॅन कॅसेटच्या १२ गाण्यांत भरला की ४८ एमबी झाले. फोल्डरमध्ये तोच एकदा, ४ एमबीत. माझं मत असं, की टॅगमध्ये ६०० ते ८०० पिक्सेलचं लहान कव्हर आणि फोल्डरमध्ये मूळ स्कॅन, तोही पुढून-मागून. कॅसेटच्या कार्डाची मागची बाजू जपाच. तबल्याला कोण, ऑर्गनला कोण, ही नावं पुष्कळदा तेवढ्या बारीक अक्षरांतच उरलेली असतात. ती वाचता यावीत म्हणून ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करा. कार्ड उभट असतं आणि प्लेअरची चौकट चौरस, त्यामुळे टॅगसाठी वरखाली कापू नका, गायकाचं नाव जाईल. दोन्ही बाजूंना साधी पट्टी जोडा. एलपीचं कव्हर ३१ सेंटिमीटरचं, ते ए४ स्कॅनरवर मावत नाही. उजेडात सरळ वरून फोटो काढलेला बरा.

७८च्या तबकड्यांना मात्र टॅगच हवा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यातच त्यांचं दफन झालं. त्यांच्या काळात एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि तबकडी बहुतेक कंपनीच्या साध्या कागदी पाकिटात यायची. तिचा चेहरा म्हणजे मधलं गोल लेबल. राग, चीज (बंदिश), तबकडीचा क्रमांक, सगळं त्याच्यावर. अशा वीस तबकड्या एका फोल्डरमध्ये ठेवून शेजारी एकच चित्र टाकलं, तर सगळ्या गाण्यांवर एकाच तबकडीचं लेबल झळकतं. ज्या त्या बाजूचं लेबल स्कॅन करून ज्या त्या फाइलीतच घाला. वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइलींचे टॅग पुष्कळ प्लेअर वाचत नाहीत, म्हणून आधी त्यांचं फ्लॅक करून घ्या.

आता आपल्याकडचं चित्र नेमकं कुठे आहे, हे प्लेअरवर पाहून ठरवू नका. काही प्लेअर इंटरनेटवरून कव्हर आणून स्वतःकडेच साठवतात, गाण्याला त्याचा पत्ताही नसतो. एमपीथ्रीटॅग किंवा किडथ्री या फुकट प्रोग्रॅममध्ये गाणं उघडा: चित्राची चौकट रिकामी असेल तर फाइलीत काही नाही. चौकटीत चित्र आहे आणि तरी गाडीच्या स्टिरिओवर येत नाही, असं झालं तर ते चित्र साध्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने उमटणाऱ्या) नसलेल्या जेपीजीत पुन्हा सेव्ह करून बघा.