सापेक्षीय आघात तरंगांचे सदृशीकरण

चुंबकित आयनद्रायूचा (प्लाझ्माचा) प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा प्रवाह अडला की आघात तरंग उठतो. त्याच्या संगणकीय प्रतिकृतीला सापेक्षीय आघात तरंगांचे सदृशीकरण म्हणतात. स्पंदकांचे (पल्सार ताऱ्यांचे) वारे, सक्रिय दीर्घिकांचे झोत व गॅमा किरण स्फोट यांत असे आघात संभवतात. या विरळ आयनद्रायूत कण एकमेकांवर क्वचितच आदळतात. प्रवाहाला थोपवतात ती विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे.

आघाताच्या दोन बाजूंना जोडणारी सापेक्षीय समीकरणे टाउब यांनी १९४८ मध्ये दिली. कणांच्या पातळीवरील सदृशीकरणाचा आरंभ मात्र साधारणतः लँगडन, आरन्स व मॅक्स यांच्या १९८८ च्या कामापासून धरतात. पद्धत अशी : लांबट पेटीच्या एका टोकाला परावर्तक भिंत कल्पून तिच्यावर कणांचा प्रवाह सोडतात. परतणारे कण येणाऱ्यांत मिसळतात आणि आघात भिंतीपासून दूर सरकू लागतो. क्षेत्रे पेटीत कल्पिलेल्या जाळीच्या बिंदूंवर मोजली जातात, कण मात्र जाळीत कोठेही असू शकतात. येथे एक अडचण हटकून येते. जाळीवर लघुलहरी प्रकाश खऱ्या वेगाहून किंचित मंद चालतो, त्यामुळे वेगवान कण त्याला मागे टाकतात व खोटे चेरेंकोव्ह प्रारण निर्माण होते. ते गाळले नाही, तर आघाताच्या आधीच प्रवाह तापतो आणि निष्कर्ष फसवे ठरतात.

चुंबकीय व गतिज ऊर्जाप्रवाहांच्या गुणोत्तराला सिग्मा म्हणतात. खेकडा अभ्रिकेतील (स्पंदकाभोवतीच्या एका तेजोमेघातील) आघातासाठी केनेल व कोरोनिती यांनी १९८४ मध्ये ते सुमारे ०.००३ काढले. स्पंदकाजवळ मात्र ते फार मोठे असले पाहिजे. ही घट कोठे होते, हा जुना वाद आहे. मुळात इतके लहान मूल्य गृहीत धरावे लागले, ते अभ्रिका गोलसममित मानल्यामुळे. वलयाकार क्षेत्र पिळवटून अस्थिर होते, असे बेगेलमन यांनी १९९८ मध्ये सुचवले; पोर्थ, कोमिसारोव व केपेन्स यांच्या त्रिमितीय सदृशीकरणांत (२०१३) सिग्मा १ च्या पुढे असूनही अभ्रिकेचे रूप जुळले. त्यामुळे हेच स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

कणांच्या त्वरणाचा प्रश्न यातून सुटत नाही. चुंबकीय क्षेत्र नसताना त्वरण होते, हे स्पिटकोव्स्की यांनी २००८ मध्ये दाखवले : सुमारे १ टक्का कणांकडे १० टक्के ऊर्जा गेली. परंतु क्षेत्र प्रवाहाला आडवे असेल, तर सिग्मा ०.००१ च्या आसपास पोहोचताच कण क्षेत्ररेषांबरोबर वाहून जातात आणि आघाताकडे परतत नाहीत (सिरोनी व स्पिटकोव्स्की). म्हणजे ०.००३ हे मूल्यही जास्तच ठरते, आणि अभ्रिकेतून तर १ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून (१ वर १५ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टहून) अधिक ऊर्जेचे फोटॉन येतात, असे चीनमधील लासो वेधशाळेने २०२१ मध्ये जाहीर केले. स्पंदकाच्या वाऱ्यात विषुववृत्ताजवळ विरुद्ध दिशांच्या क्षेत्रांचे पट्टे एकमेकांना खोडून काढतात. तेथे सरासरी क्षेत्र क्षीण असल्याने त्वरणाला वाव राहतो, असे काहींचे मत आहे.

इलेक्ट्रॉन व प्रोटॉन असलेल्या आघातांची सदृशीकरणे तुलनेने थोडी आहेत. दोन्ही कणांच्या वस्तुमानांतील १,८३६ पटींचा फरक संगणकाला पेलवत नसल्याने तो बहुधा कमी धरावा लागतो.