परकं गाणं कानात मुरतं कसं?

बालीच्या गॅमेलान वाद्यवृंदातली अनेक काशाची वाद्यं जोडीनं घडवतात, आणि त्या जोडीत मुद्दाम एक फरक ठेवतात. एक वाद्य दुसऱ्यापेक्षा किंचित चढं लावलेलं असतं. समजा, एकाच्या धातूच्या पट्टीची सेकंदाला 200 कंपनं होतात आणि जोडीदाराची 207. दोन्ही एकदम वाजली की आवाज सेकंदाला 7 वेळा फुगतो आणि ओसरतो. स्वर थरथरू लागतो. तिथल्या जाणकारांना ही थरथर नसेल तर वाद्य निर्जीव वाटतं. उलट, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना नेमकी हीच थरथर जाईपर्यंत जो खुंटी पिळत बसतो, त्याच्या तोंडून पहिला शब्द निघणार तो ‘बेसूर’!

ध्वनी तोच, कानही दोघांचे ठणठणीत. वेगळी आहे ती अपेक्षा. गाणं ऐकताना मेंदू गप्प बसून राहत नाही. सम कुठे पडेल, सूर कुठे टेकेल, याचे अंदाज तो सतत बांधत असतो. अंदाज अधूनमधून खरा ठरावा, अधूनमधून गोड चुकावा, यातच ऐकण्याची मजा आहे. परक्या संगीतात मात्र अंदाज बांधायला आधारच सापडत नाही, आणि तो गोंधळ आपण त्या गाण्याच्या माथी मारतो.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात झोपवून त्यांनी पूर्वी कधीच न ऐकलेल्या गाण्यांचे 30 सेकंदांचे तुकडे ऐकवले आणि ‘हे विकत घ्यायला किती पैसे मोजाल?’ असं विचारलं. पैसे खरे, स्वतःच्या खिशातले. ज्या गाण्याला जास्त बोली लागली, ते ऐकताना मेंदूतला ‘न्यूक्लियस अॅक्युम्बन्स’ हा सुखाशी निगडित भाग अधिक सक्रिय होता. शिवाय त्याचं श्रवणाच्या भागाशी संधान वाढलेलं होतं. आजवर ऐकलेल्या संगीताचे साचे या श्रवणाच्या भागात साठलेले असतात. म्हणजे कोरं करकरीत गाणंही आपण जुन्या शिदोरीवरच ऐकतो.

ही शिदोरी फार लवकर बांधली जाते. एरिन हॅनन आणि सॅन्ड्रा ट्रेहब यांनी 2005 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाळांना आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशातल्या, मात्रांचे गट असमान असलेल्या धुना ऐकवल्या. 7 मात्रा, पण 2-2-3 अशा तोडलेल्या. (रूपक तालावर वाढलेल्या कानांना यात नवल वाटणार नाही. पण सगळे गट सारखेच असतात अशी सवय झाली की इथे पाय अडखळतो.) मग त्याच धुनांचा ताल मुद्दाम बिघडवून ऐकवला. बाळ बोलू शकत नाही, पण काही बदललं की ते जास्त वेळ टक लावून बघतं. 6 महिन्यांच्या बाळांना ओळखीच्या तालातला बिघाड कळला, आणि परक्या तालातलाही. 12 महिन्यांच्या बाळांना फक्त ओळखीच्या तालातला कळला. वर्षभरात कान ‘आपला’ झाला होता.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच वयाच्या बाळांना दोन आठवडे घरी बाल्कन संगीत ऐकवल्यावर त्यांची जाण परत आली. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्यानं तो पल्ला गाठता आला नाही. मोठ्यांचा कान शिकत नाही असं नाही, त्याला जास्त वेळ लागतो इतकंच. तेव्हा मित्रानं पाठवलेलं परक्या धाटणीचं गाणं एकदा ऐकून ‘छ्या!’ म्हणणं हा घाईचा निवाडा आहे.

इतरांच्या पसंतीचा आधार घ्यावा, तर त्यातही मेख आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 14 हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी दिली होती. काहींना बाकीच्यांनी काय डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणारे लोक आठ वेगळ्या गटांत विभागले होते, आणि एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मागे पडलेलं आढळलं. फार चांगली गाणी सहसा अगदी आपटली नाहीत, फार वाईट गाणी सहसा अव्वल आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या ऐकणाऱ्यांच्या हाती होतं.

सगळंच परकं असतं असंही नाही. 2018 च्या एका अभ्यासात 60 देशांतल्या लोकांनी 86 छोट्या समाजांमधल्या गाण्यांचे 14 सेकंदांचे तुकडे ऐकले. भाषेचा गंध नसताना नाचाचं गाणं आणि अंगाई त्यांनी बरोबर हेरली. प्रेमगीत ओळखताना मात्र त्यांची पुरती त्रेधा उडाली. दूरच्या मुलखातलं नाचाचं गाणं कुणाला पाठवायचं तर नुसतं पाठवलं तरी चालेल. प्रेमगीत असेल तर सोबत दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या.