नस मोकळी केली, हात बरा झाला का?

रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, पुन्हा झोप लागते. कार्पल टनेल सिंड्रोम नावाची ही तक्रार नवी नाही, मोबाइल किंवा कीबोर्डने आणलेलीही नाही. बॉस्टनचे डॉक्टर जेम्स पुटनम यांनी १८८० साली अशा ३७ रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात बहुतेक बायका होत्या, आणि हात झटकण्याचा उपायही त्यांनी नोंदवला होता. कारण मात्र कुणाला सापडलं नव्हतं.

मनगटाच्या हाडांची एक पन्हळ असते. तळव्याच्या बाजूने तिच्यावर जाड, आडवं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधणारा चिवट पट्टा, ताणलेलं असतं. या बोळातून (हाच कार्पल टनेल) बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्या सोबतीला एकच नस, मीडियन नर्व्ह. जागा कमी पडली की सगळ्यात मऊ असलेली नसच चेपते. लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये अशा दाबाचं वर्णन केलं होतं, पण ते मनगटाचं हाड मोडलेल्या माणसाचं. मनगट बांधून ठेवलं की त्याच्या बोटांवरचे व्रण भरत, हात वापरायला लागला की परत येत.

खरा धागा पॅरिसमध्ये हाती लागला. पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी १९१३ मध्ये ८० वर्षांच्या एका बाईच्या शवविच्छेदनात पाहिलं, की दोन्ही अंगठ्यांच्या बुडाचे स्नायू वाळलेले आहेत आणि लिगामेंटच्या अलीकडे, कोपराच्या बाजूला, नस फुगलेली आहे. दुखणं वेळेत ओळखलं तर लिगामेंट कापून ते थांबवता येईल, असं त्यांनी सुचवलं. सूचना पडून राहिली. पुढची कितीतरी वर्षं दोष मानेकडच्या जादा बरगडीवर टाकला गेला, आणि ती काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्याकडेही हाताला मुंग्या आल्या की आधी मानेच्या मणक्यावर संशय जातो, हे आठवून थोडं हसू येतं.

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून जेम्स लर्मंथ यांनी लिगामेंट कापून नस मोकळी केल्याचं प्रसिद्ध केलं. १९४७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा बायकांची हकिगत मांडली आणि मनगटाकडे लक्ष वळलं. ही शस्त्रक्रिया रुळवली ती क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी. १९६६ च्या त्यांच्या लेखात १७ वर्षांतल्या ६५४ हातांचा अनुभव आहे. तेव्हापासून मूळ कृती तीच: लिगामेंट पूर्ण कापायचं. दुर्बिणीतून केलं तर जखम लहान राहते आणि माणूस कामावर थोडा लवकर परततो, पण वर्षभराने पाहिलं तर दुर्बिणीची आणि नेहमीची उघडी, या दोन पद्धतींत फारसा फरक उरत नाही.

बदलली ती ‘बरं झालं’ याची व्याख्या. आधी निकाल सर्जनच देत. १९९३ मध्ये बॉस्टनमध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीने रुग्णालाच विचारायला सुरुवात केली: बटण लावता येतं का, बरणी उघडता येते का, बाजाराची पिशवी उचलवते का? माझ्या मते शस्त्रक्रियेच्या तंत्रातल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा हे मोठं पाऊल होतं. नसेच्या विद्युत तपासणीत दोष शिल्लक असूनही रुग्ण खूश असतो, असं पुष्कळदा दिसतं.

मग तुलनाही नीट होऊ लागल्या. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांत स्प्लिंट (मनगट स्थिर ठेवणारा आधारपट्टा) आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. दीड वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के आणि स्प्लिंटच्या गटात ७५ टक्के रुग्णांना गुण आला होता. पण तोवर स्प्लिंटवाल्यांपैकी ४१ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलीच होती, त्यामुळे तो ७५ चा आकडा एकट्या स्प्लिंटचा नाही.

सगळं एकदम मात्र सुधारत नाही. रात्रीच्या मुंग्या बहुधा आधी जातात, कधी पहिल्याच रात्री. जुना बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळून गेला असेल तर तो पुरता भरून येईलच असं नाही. मारी आणि फ्वा ‘वेळेत’ म्हणाले होते ते यासाठीच. मुठीची पकड पहिले काही आठवडे आधीपेक्षाही कमी होते आणि माणूस घाबरतो. तळव्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दुखत राहतं, जमिनीवरून हात टेकून उठताना ते विशेष जाणवतं, आणि ते ओसरायला काही महिने लागतात.