लेट नाइट शोचा हाउस बँड आणि पाहुणा बँड: घोळ होतो तो वेळेचा

"काल फॅलनच्या शोमध्ये द रूट्स आले होते." अमेरिकेतल्या रात्री उशिराच्या गप्पांच्या टीव्ही शोबद्दलचं हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की आता स्पष्टच सांगायला हवं: ते आले नव्हते, ते तिथेच असतात. 2009 पासून सूत्रधार जिमी फॅलनबरोबर आणि 2014 पासून त्याच्यासोबत 'द टुनाइट शो'मध्ये. द रूट्स हा त्या शोचा हाउस बँड, म्हणजे शोचा स्वतःचा कायमचा बँड आहे. शेवटच्या भागात नव्या अल्बममधलं एखादं गाणं सादर करून जातो तो पाहुणा बँड.

पाहुण्याबद्दल फारसं सांगायला नको. आपली वाद्यं घेऊन येतो, दुपारी साउंड चेक करतो, तीन-चार मिनिटं वाजवतो आणि निघतो. कोण कुठे उभं राहतं, कोणाचा करार कसा असतो, हे फरक गौण आहेत.

खरा फरक वेळेचा आहे. पाहुण्याच्या गाण्याचा शेवट आधीच ठरलेला असतो. हाउस बँड जे वाजवतो ते कधी संपेल हे सुरू करताना त्यालाही माहीत नसतं.

गप्पांसाठी आलेल्या पाहुण्याच्या प्रवेशाचंच बघा. सूत्रधाराने नाव उच्चारलं की त्याच क्षणी पहिला ठोका पडला पाहिजे. पडद्यापासून खुर्चीपर्यंत जेमतेम दहा-पंधरा सेकंद मिळतात. म्हणून गाण्याचा इंट्रो कापून थेट लोकांच्या ओळखीची ओळ उचलायची. संथ, हळूहळू चढत जाणारं गाणं निवडलं की ते ओळखू येईपर्यंत पाहुणा बसलेला असतो. उलट मिठी लांबली, तर गाण्याचे तेच दोन-चार बार, म्हणजे आवर्तनं, फिरवत राहायचे. पाहुणा टेकला की बँडलीडरचा हात, आणि सगळे एकाच ठोक्यावर बंद. बैठकीत तबलजीची नजर गायकावर असते, तशी इथे सगळ्यांची नजर त्या हातावर. आवाज हळूहळू विरत नेणं हे रेकॉर्डचं काम. हाउस बँडने ते करू नये.

मग जाहिरातींचा ब्रेक. घरच्या प्रेक्षकाला ब्रेकच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंदच ऐकू येतात आणि तो म्हणतो, "एवढंसं वाजवायला अख्खा बँड कशाला?" हा समज मला सर्वांत खटकतो. बँड पूर्ण ब्रेकभर, दोन-तीन मिनिटं, स्टुडिओतल्या प्रेक्षकांसाठी वाजवत असतो. तो थांबला तर सभागृह थंड पडतं आणि पुढच्या विनोदाला हशा मिळत नाही. फ्लोअर मॅनेजर उलटी गिनती सुरू करतो, तेव्हा बँडलीडरने गाण्याचा सर्वांत जोरकस भाग नेमका कॅमेरा परतण्याच्या क्षणी आणायचा आणि इशारा येताच तोडायचा. त्यामुळे लागते कुठेही कापता येईल अशी छोटी रचना. द रूट्स अशा तुकड्यांना 'सँडविच' म्हणतात.

निवड चुकली तर महागात पडते. नोव्हेंबर 2011 मध्ये राजकारणी मिशेल बाकमन यांच्या प्रवेशाला द रूट्सनी फिशबोन या बँडचं, शीर्षकातच शिवी असलेलं गाणं वाजवलं. फॅलनला माफी मागावी लागली.

असाच शो करणाऱ्या डेव्हिड लेटरमनचे 'वर्ल्ड्स मोस्ट डेंजरस बँड' आणि 'सीबीएस ऑर्केस्ट्रा' हे दोन वेगळे बँड असल्यासारखं लिहिलं जातं. तेही चूक. पॉल शाफर दोन्हींचा प्रमुख. 1993 मध्ये लेटरमन एनबीसी वाहिनी सोडून सीबीएसवर गेला आणि जुन्या नावावर एनबीसीने हक्क सांगितला, म्हणून नाव बदललं.

गोंधळ समजण्यासारखा आहे तो दोनच ठिकाणी. सेथ मायर्स या सूत्रधाराच्या लेट नाइट शोमधल्या एटजी (8G) या हाउस बँडमध्ये बाहेरचे ड्रमर आठवडाभर येऊन बसत. ते पाहुणे खरे, पण पाहुणा बँड नव्हेत. त्या आठवड्यापुरते ते हाउस बँडचेच. दुसरं, शाफरच्या बँडने अनेकदा पाहुण्या गायकांना साथ दिली आहे. तिथे पाहुणा फक्त गायक. मला स्वतःला हाच प्रकार सर्वांत आवडतो, कारण एरवी तुकड्यांत वाजवणारा बँड इथे गाणं पूर्ण वाजवताना ऐकायला मिळतो. शंका आलीच तर सूत्रधार गाण्याआधी कोणाचं नाव घेतो आणि हातात कोणाचा अल्बम धरतो, तेवढं पाहा.